धसका बसल्यानंतर: मन आणि शरीर, दोन्हींच्या उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आमचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. एका खोलीत बोलणं होतं, दुसरीत चटया अंथरलेल्या असतात. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास दारातच विचारतो, "मला कुठल्या खोलीत जायचंय?" उत्तर असतं, "दोन्ही, पण एकदम नाही." या "एकदम नाही"चा अर्थ समजावण्यात आमचा बराच वेळ जातो. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. उदाहरणं कामातली आहेत; ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

माझ्या बाबतीत जे झालं ते "तेवढं मोठं" आहे का? की मीच बाऊ करतोय?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. मुंबईत तर जास्तच, कारण इथे मोठ्या आघातांना तारखा आहेत. १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८. त्यापुढे आपलं दुखणं किरकोळ वाटतं. "मी काही स्फोटात नव्हतो हो, साधा जिन्यावरच्या गर्दीत चेंगरलो होतो," असं एकाने माफी मागितल्यासारखं सांगितलं होतं.

प्रत्यक्षात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या आघाताला तारीख नसते. लहानपणी घरातल्याच कुणी केलेला स्पर्श, वर्षानुवर्षांची मारहाण, कोविडमध्ये आयसीयूच्या बाहेर काढलेल्या रात्री, रुळांवर माणूस आला आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही असा एखादा मोटरमन. जीवाला, शरीराला किंवा अब्रूला धोका होता आणि सुटायला वाट नव्हती, एवढं पुरेसं आहे. घटनेला गुण देणारी परीक्षा नसते.

आता दुसरी बाजू. भयंकर प्रसंगातून गेलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं अजिबात नाही. झोप, घरचं जेवण आणि सोबतीला माणसं मिळाली की बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते, तिची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसं टाळली जातात, मन बधिर किंवा अपराधी राहतं आणि अंग सतत सावध असतं, अशा चारही तऱ्हांच्या खुणा टिकल्या आणि रोजचं जगणं अडलं, तर डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताणाच्या विकाराचा, विचार करतात. हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तिकेत आलं ते १९८० साली. म्हणजे नाव तसं अलीकडचं, दुखणं जुनंच.

धक्का मनाला बसलाय, मग शरीरावर काम कशाला?

आपली भाषा ऐका. काळजात धस्स झालं. पोटात गोळा आला. घशाला कोरड पडली. पाय लटपटले, हातापायांतलं बळ गेलं, अंगावर काटा आला. मराठीत भीतीबद्दल बोलायचं तर एकेक अवयव घेतल्याशिवाय बोलताच येत नाही. आजीला मज्जासंस्था माहीत नव्हती, पण "पोरीने धसका घेतलाय, जेवण जात नाही तिला" हे निदान ती अचूक करायची.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा छोटासा भाग घंटा वाजवतो. अ‍ॅड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल वाढतं, हृदय धडधडतं, स्नायू ताठरतात, पचन बाजूला पडतं. लढा नाहीतर पळा, याची ही तयारी. दोन्ही शक्य नसेल तर शरीर गोठतं. अत्याचाराच्या वेळी "मी ओरडले का नाही" म्हणून स्वतःला कोसत राहणाऱ्या बायकांना हे आम्ही पहिल्या काही भेटींतच सांगतो. ते गोठणं म्हणजे संमती नव्हती आणि भित्रेपणाही नव्हता. तो निर्णय विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत पोचलाच नव्हता.

आघातानंतर ही घंटा बिघडल्यासारखी होते, उगाच वाजत राहते. वर उल्लेख केलेला जिन्यावरचा माणूस, त्याला शिंदेदादा म्हणू (नाव अर्थातच खोटं), चार वर्षांनंतरही पाठीला कुणाची बॅग लागली की त्याचे दोन्ही खांदे कानांपर्यंत चढायचे. भाजी मंडईत, लिफ्टमध्ये, एकदा तर देवळात. "ही मंडई आहे, इथे कोणी चेंगरत नाही, हे मला कळतं ना," तो म्हणायचा. कळत होतंच. त्या कळण्याने खांदे मात्र खाली येत नव्हते. खांद्यांना वेगळं शिकवावं लागलं.

मग नुसता योग केला तर?

फायदा होऊ शकतो, पण हा सगळ्याचा पर्याय नाही. आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. आधी उपचार घेऊनही पीटीएसडी न हटलेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, आघाताचं भान ठेवून शिकवलेला हठयोग दिला. उरलेल्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. उत्साह वाढवणारा आकडा आहे, पण अभ्यास लहान आहे आणि "आघाताचं भान ठेवून" हे त्यातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत.

मुंबईला योग नवा नाही. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट १९१८ साली सुरू झाली. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४चं आणि मरीन ड्राइव्हवर त्यांचं केंद्र आहे. गल्लोगल्ली वर्ग आहेत, शिक्षकही मनापासून शिकवतात. मात्र आसनं दुरुस्त करण्याची आपली पद्धत हात लावून करण्याची आहे. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी योगवर्ग मधेच सोडला होता. शवासनात डोळे मिटून पडल्या होत्या, शिक्षिका पावलांचा आवाज न करता डोक्याशी आल्या आणि "सैल सोडा" म्हणत त्यांनी दोन्ही खांदे जमिनीकडे दाबले. बाई चप्पल न घालता रस्त्यावर आल्या. शिक्षिकेची चूक म्हणावी तर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

म्हणून वर्ग लावताना एवढं एक वाक्य सांगून ठेवा: "मला न विचारता हात लावू नका आणि मी डोळे उघडे ठेवीन." कारण सांगायची गरज नाही. चटई दाराजवळ किंवा भिंतीला पाठ करून घाला. शवासन नको वाटलं तर मकरासन करा, नाहीतर सरळ उठून बसा. कपालभाती आणि भस्त्रिका सुरुवातीला टाळा. त्यांत श्वास आणि ठोके जसे वाढतात तसेच ते घाबरल्यावरही वाढतात, आणि धसकलेलं शरीर दोन्हींत फरक करत नाही.

आणि नुसतं बोलून बरं वाटणार नाही का?

खरं सांगायचं तर पुराव्यांच्या तराजूत अजूनही बोलण्याच्या उपचारांचंच पारडं जड आहे. कुठलंही बोलणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरणारी पद्धत, तिच्याबद्दल पुढे) यांची शिफारस केली. सीबीटीच्या कुटुंबातल्या एका पद्धतीत, सीपीटीमध्ये, साधारण बारा सेशन्सचा आराखडा असतो. "माझ्यामुळेच झालं", "आता कोणावरच विश्वास ठेवायचा नाही" अशी घटनेनंतर मनात रुतलेली वाक्यं बाहेर काढून तपासली जातात. दुसऱ्या पद्धतीत टाळलेल्या आठवणीकडे आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने परत जायचं असतं.

अडचण होते ती वेगळीच. कित्येकांना बोलायला बसलं की शब्द फुटत नाहीत, किंवा उलट, बातमी वाचून दाखवावी तसे ते सगळं घडाघडा सांगतात आणि अंग मात्र गारठलेलं असतं. अशा वेळी शरीराचं काम बोलण्यासाठी जमीन तयार करतं. आमचं मत विचाराल तर मन-शरीर थेरपीचा खरा उपयोग इथे आहे. ती बोलण्याच्या उपचाराच्या जागी येत नाही, त्याला पाय देते.

ईएमडीआर म्हणजे ते बोट हलवणं ना? जादूटोण्यासारखं वाटतं.

दिसतं तसंच, कबूल. १९८७ साली फ्रॅन्सिन शपिरो या अमेरिकी मानसशास्त्राच्या अभ्यासक बागेत फिरत असताना त्यांच्या लक्षात आलं, की डोळे इकडून तिकडे हलताना त्रासदायक विचारांची धार कमी होतेय. त्यातून आठ टप्प्यांची पद्धत उभी राहिली. बोट हलवणं हा त्यातला एक भाग. त्याआधी इतिहास घेणं आणि सावरण्याची साधनं शिकवणं असतं. डोळ्यांऐवजी आळीपाळीने दोन्ही तळहातांवर टिचक्याही चालतात.

हे का चालतं यावर एकमत नाही. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं: आठवण मनात धरून त्याच वेळी दुसरं काम करायचं म्हटलं की डोक्याची तात्पुरती स्मृती दोन्हींना पुरत नाही, आणि आठवण थोडी फिकी होऊन परत जागेवर जाते. चालतं हे मात्र अनेक चाचण्यांत दिसलंय. यूट्यूबवर बघून घरी करू नका. आठवण उघडते आणि बंद करायला शेजारी कोणी नसतं.

सोमॅटिक, ब्रेथवर्क, टॅपिंग, एनर्जी हीलिंग… यातलं खरं काय?

पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगमध्ये अंगातल्या बारीक संवेदनांवर लक्ष ठेवून थोडं थोडं काम करतात. अभ्यास मोजके आहेत, आशादायक आहेत, अजून पक्के नाहीत. नृत्य-चलन थेरपी गटात, विशेषतः बोलण्याची लाज वाटणाऱ्या मुलींमध्ये, छान काम करताना आम्ही पाहिली आहे. भीती आणि शांतपणा व्हेगस या मज्जातंतूवरून समजावणारा स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धान्त सध्या प्रत्येक रीलमध्ये असतो. समजावून सांगायला सोयीचा आहे, पण त्याच्या शरीरशास्त्रीय दाव्यांवर शास्त्रज्ञांत वाद आहे. तो ऐकावा, त्यावर शपथ घेऊ नये.

आणि "तुमच्या कमरेत साठलेला आघात आम्ही दोन दिवसांत बाहेर काढतो" असं कोणी म्हणालं तर पाकीट आधी खिशात टाका. कमरेच्या सांध्यात दुःखाची थैली नसते. शनिवार-रविवारच्या शिबिरात शंभर जणांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून रडवतात. रडणं म्हणजे बरं होणं नव्हे. सोमवारी तो माणूस ऑफिसात एकटा असतो आणि उघडलेली जखम त्याच्याबरोबर असते.

पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का?

नाही. उलट कोणी पहिल्याच दिवशी सगळं ओतायला लागलं तर आम्ही हळूच थांबवतो.

क्रम महत्त्वाचा. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलेले तीन टप्पे आजही बहुतेक जण मानतात: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि तिचा शोक, मग माणसांत परतणं. पहिला टप्पा कंटाळवाणा वाटतो, त्यामुळे लोकांना तो उडी मारून पार करायचा असतो. पण ज्या घरात मारहाण आजही चालू आहे त्या घरात राहून जुन्या मारहाणीच्या आठवणी उकरणं हा उपचार नव्हे. तिथे आधी राहायची जागा, वकील आणि बँकेचं पासबुक लागतं.

पहिल्या भेटीत काय होतं ते सांगते. खोलीत तीन खुर्च्या असतात. कुठे बसायचं ते तुम्ही ठरवायचं. बहुतेक जण दार दिसेल अशी निवडतात. दार आतून लावलेलं नसतं. पंखा कुरकुरतो, त्याची आम्ही मुद्दाम दुरुस्ती केलेली नाही. कुणाला कान टेकवायला काहीतरी हवं असतं. मग पायांकडे लक्ष न्यायला सांगते. टाचा लादीवर टेकल्यात का? लादी गार आहे का? दोन्ही पायांनी जमीन थोडी दाबा, सोडा. एवढंच. पाच मिनिटं हे चालतं आणि कित्येकांना इथेच जाणवतं की दिवसभर आपण पंजे आकडून बसतो.

सुरुवातीच्या काळात मी याच जागी एक चूक करायचे. "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या," म्हणायचे, सगळे म्हणतात तसं. एका मुलीने डोळे मिटले आणि दोन सेकंदांत उघडून माझ्याकडे अशी पाहिली की ती नजर अजून आठवते. तिच्यासाठी अंधार म्हणजे आराम नव्हताच. तेव्हापासून डोळे उघडे, नजर खिडकीतल्या बदामाच्या झाडावर.

नंतर आठवणीकडे जायचं तेही समुद्रात पाय बुडवावेत तसं. घोट्यापर्यंत जायचं, परत वाळूवर यायचं. मग पुन्हा. लाट अंगावर यायला लागली की थेरपिस्टने तुमच्याआधी ओळखायला हवं. बोलता बोलता श्वास अडकतो, बोटं पांढरी पडतात, नजर भिंतीच्या आरपार जाते. मग गोष्ट तिथेच ठेवून पुन्हा पाय, लादी, पंखा.

गर्दीच्या लोकलमध्ये अचानक घाबरायला होतं. तिथल्या तिथे काय करू?

खांब किंवा वरची कडी धरा आणि तिचा गारवा तळहाताला जाणवू द्या. पाय थोडे फाकून टाचांवर वजन घ्या. श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. सोडणं लांबलं की ठोके मंदावायला मदत होते, आणि या लयीत मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. मोजताना गुदमरल्यासारखं वाटलं तर श्वासाचा नाद सोडा आणि बाहेर बघा. स्टेशनांची नावं ओळीने म्हणा: अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझ, खार रोड, वांद्रे, माहीम, माटुंगा रोड, दादर. नावं ओळीने लागणं म्हणजे डोकं आत्ताच्या क्षणात परत आल्याची खूण. एक पोरगी उलट्या क्रमाने म्हणते, तिला पुढच्या पायरीचा सराव झालाय.

घरी भ्रामरी करून बघा, गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो. जाता जाता सांगते, सकाळच्या डब्यातल्या भजनी मंडळींना याची माहिती कोणी दिलेली नाही, पण टाळ, ताल आणि एकत्र लांबवलेला सूर यांचा अंगावर होणारा परिणाम त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. तुम्हाला गायला आवडत असेल तर तेही उपचाराच्या यादीत लिहा.

विपश्यनेला जाऊन येऊ का?

इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे, गोराईचा पॅगोडा तर मुंबईतच. अनेकांना दहा दिवसांच्या शिबिराने फायदा झालाय. परंतु फ्लॅशबॅक येत असताना, म्हणजे घटना पुन्हा घडतेय असं वाटत असताना, झोप उडालेली असताना किंवा घटना ताजी असताना दहा दिवस मौनात, दिवसाचे कित्येक तास डोळे मिटून अंगातल्या संवेदनांकडे पाहत बसणं काहींना झेपत नाही. शरीर हीच ज्याला धोक्याची जागा वाटते त्याला तिथे कोंडल्यासारखं होतं. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, खरं लिहा. आणि आधी आपल्या थेरपिस्टशी बोला. पुढच्या वर्षी गेलात तर विपश्यना कुठे पळून जात नाही.

घटना कालच घडली. लगेच थेरपी सुरू करायची?

पहिले काही दिवस थेरपी नको, माणसं हवीत. सुरक्षित जागा, गरम जेवण, झोप, फोन चार्ज, सोबत कोणी. सांगावंसं वाटलं तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. धक्क्यानंतर सगळ्यांना एकदा बसवून "काय झालं ते सविस्तर सांगा" असं एका बैठकीत वदवून घ्यायची पद्धत पूर्वी फार चालायची. तिने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास वाढतो, असं दिसल्यावर तिची शिफारस थांबली. झोपेसाठी स्वतःच्या मनाने गोळ्या किंवा "थोडीशी" दारूही नको.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र थांबू नका. संसर्ग आणि गर्भधारणा टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, एचआयव्हीसाठीची ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे असा कायदा आहे, आणि तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

आणि एक, ते "मुंबईचं स्पिरिट". २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं रात्रभर पाण्यातून चालली, आणि लगेच कौतुक सुरू झालं की शहर कसं कामाला लागलं. लागलं, कारण बऱ्याच जणांना रजा परवडत नव्हती. कामावर जाणं वाईट नाही, दिनक्रमाने आधारच मिळतो. पण कामावर गेला म्हणजे बरा झाला, हा हिशेब चुकीचा आहे.

औषधं घ्यावी लागतील का?

सगळ्यांना नाही. झोप पूर्ण उडाली असेल, सोबत खोल नैराश्य असेल किंवा थेरपीत बसणंच जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारखी औषधं देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती एकाएकी बंद करायची नसतात. शांत करणाऱ्या, सवय लागणाऱ्या गोळ्या पीटीएसडीवरचा उपाय नाहीत. मेडिकलवाल्याच्या ओळखीवर त्या मिळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुंबईत जायचं कुठे? परवडेल का?

केईएम, नायर, सायनचं लोकमान्य टिळक, कूपर, जे. जे. या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपरचे पैसे नाममात्र. रांग असते, डॉक्टरांना वेळ कमी मिळतो. पण निदान, औषधं आणि प्रमाणपत्र यांसाठी उत्तम. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल फोनवर समुपदेशन देते. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर, मराठीतूनही, मोफत. घरात मारहाण होत असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या दिलासा केंद्रात जा. तिथल्या बायकांना ही वाट चांगली माहीत आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर हे पान बंद करा आणि आत्ता १४४१६ किंवा ११२ लावा.

खासगीत एका सेशनला साधारण हजार ते तीन हजार रुपये लागतात. बऱ्याच ठिकाणी ऐपतीप्रमाणे फी असते, विचारायला लाजू नका. मेडिक्लेममध्ये मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायचं असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो. प्रत्यक्षात विमा बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येतो, म्हणून पॉलिसीतलं ओपीडीचं कलम वाचा.

माणूस निवडताना: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असते, नंबर मागता येतो. "काउन्सेलर" आणि "हीलर" मात्र कोणीही लिहू शकतं. आघातावर कोणत्या पद्धतीचं शिक्षण घेतलंय, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, हे दोन प्रश्न विचारा. चांगल्या थेरपिस्टला त्यांचा राग येत नाही.

मी सांगितलेलं बाहेर जाईल का?

जात नाही, दोन अपवाद सोडून. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल तर, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक आहे, आणि हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो.

खरी अडचण थेरपिस्टच्या तोंडाची नसते, घराच्या भिंतींची असते. एका खोलीत पाच माणसं राहतात तिथून व्हिडिओ कॉलवर काय बोलणार? आमच्याकडचे लोक गच्चीवरून बोलतात, उभ्या रिक्षेतून बोलतात. एक ताई पिठाच्या गिरणीबाहेरच्या बाकावरून बोलायच्या, गिरणीच्या आवाजात कोणाला काही ऐकू जायचं नाही. आम्हालाही निम्मंच ऐकू यायचं, पण चाललं.

घरचे म्हणतात "बाहेरचं" आहे, बाधा झालीय.

भांडू नका. दृष्ट काढल्याने, अंगारा लावल्याने कोणाचं बिघडत नाही. आईचा हात डोक्यावरून फिरतो तेवढा फायदाच. रेषा पुढे आहे. मारणं, चटके देणं, साखळीने बांधणं, उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे. घरच्यांना एकदा घेऊन या. "तिचं शरीर अजून त्या दिवसातच अडकलंय" एवढं सांगितलं की पुष्कळांना पटतं, कारण बाधेच्या कल्पनेपासून ते फार दूर नसतं.

त्यांनी करण्यासारखं: मागून येऊन हात लावू नये, दचकून उठल्यावर आधी नाव घेऊन हाक मारावी, "विसरून जा" म्हणू नये.

किती दिवस लागतील? बरं झालं हे कळणार कसं?

एकच घटना असेल आणि आधीचं आयुष्य बऱ्यापैकी स्थिर असेल तर तीन-चार महिन्यांत मोठा फरक पडतो. लहानपणापासूनचं असेल तर वर्ष, दोन वर्षं, मधे सुट्ट्या घेत. आठवणींवर काम सुरू झालं की काही दिवस स्वप्नं वाढतात, चिडचिड होते. ते अपेक्षित असतं, पण आठवडेन्‌आठवडे वाढतच गेलं तर वेग चुकलाय, तसं सांगा.

बरं होण्याच्या खुणा मनापेक्षा आधी अंगावर दिसतात. जेवताना चव लागते. कुशीवर झोपता येतं. दाराची बेल वाजली तर फक्त बेल वाजते.

शिंदेदादांच्या बाबतीत ते एका मंगळवारी कळलं. संध्याकाळी दादरच्या पुलावर मागून कुणाची तरी सॅक पाठीत घुसली. खांदे चढले, नेहमीसारखे. मग, ते म्हणाले, टाचा आठवल्या, आणि खांदे आपणहून उतरले. त्यांनी मागे वळून त्या मुलाला सांगितलं, "बॅग पुढे घे की रे." मुलगा सॉरी म्हणाला. शिंदेदादांनी जिना उतरून फुलवाल्याकडून बायकोसाठी गजरा घेतला आणि आठ मिनिटं उशिरा सेशनला आले.